लाकूड कातायचा छोटा लेथ थरथरतोय: दोष कुठे आहे ते शोधायचा क्रम

नाशिकरोडपासून गंगापूर रोडपर्यंत हौसेनं लेथ घेतलेल्यांकडे जाऊन मी हा एकच दोष पुन्हा पुन्हा काढत आलोय: थरथर. मशीन साधारण एकाच जातीचं असतं. टेबलावर बसणारं, अर्ध्या एचपीच्या आसपासची मोटार, दोन सेंटरमध्ये (लाकूड दोन बाजूंनी धरणारी टोकं) दीड फुटाचा जॉब, म्हणजे कातायचा तुकडा, मावेल एवढं. आणि मालकाचं निदानही ठरलेलं असतं, "दादा, बेअरिंग गेलंय." बेअरिंग क्वचितच गेलेलं असतं. नव्या लेथवर दोष बहुधा मशीनच्या बाहेर सापडतो, म्हणजे लाकडात, स्टँडमध्ये किंवा लावलेल्या वेगात. म्हणून खालचा क्रम बाहेरून आत जाणारा आहे. बिनपैशाच्या तपासण्या आधी, पुलर (बेअरिंग ओढून काढायचं साधन) आणि डायल (फिरताना किती हलतं ते मोजणारं घड्याळ) लागणाऱ्या शेवटी.

आधी लक्षणं नीट ओळखा

"थरथरतंय" या एका शब्दाखाली वेगवेगळे दोष येतात. तुमचं यातलं कोणतं ते बघा.

- सगळं टेबल हलतं, एका ठरावीक वेगाला फार, त्याच्या खाली-वर कमी: स्टँड हलका किंवा जॉबचं वजन एका बाजूला.
- टेबल शांत, पण लाटण्यासारख्या लांब जॉबच्या मधल्या भागावर पन्हळी पत्र्यासारख्या रेषा उमटतात: जॉब वाकतोय किंवा हत्याराची धार गेलीय.
- रिकामा चालवला तरी ठरावीक ठेक्यात धप-धप: बेल्ट किंवा पुली.
- वेगाबरोबर वाढत जाणारी घरघर, बेल्ट काढून हातानं फिरवलं तरी खरखर जाणवते: बेअरिंग.
- जॉब काढून परत लावला की आउट मारतो, म्हणजे मध्यावर न फिरता डुलतो: सेंटर, चक (जबड्यांनी लाकूड धरणारा) किंवा फेसप्लेट (लाकूड स्क्रूनं बसवायची चकती) नीट बसलेली नाही.
- टेलस्टॉककडून (लाकडाचं दुसरं टोक धरणारा, सरकणारा भाग) पाडलेलं भोक तोंडाशी मोठं होतं: हेडस्टॉक (लाकूड फिरवणारा भाग) आणि टेलस्टॉक एका रेषेत नाहीत.
- मोटार गुंगुं करते पण फिरत नाही: हे थरथरीचं दुखणं नाही, विजेचं आहे. शेवटचा भाग आधी वाचा.

कुठेही हात घालण्याआधी प्लग काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. चालू लेथजवळ हातमोजे, लांब बाह्या, ओढणी, गळ्यातली साखळी नको. मनगटाला त्र्यंबकचा लाल दोरा असेल तर तोही काढून ठेवा. फिरणाऱ्या स्पिंडलनं (लाकूड फिरवणारा दांडा) धागा पकडला की तो तुटत नाही, हात ओढून घेतो. चेहऱ्यावर पूर्ण शील्ड हवी, नुसता चष्मा पुरत नाही. मशीन सुरू करताना जॉबच्या समोर उभं न राहता बाजूला उभं राहायचं.

१. रिकामा चालवा

स्पिंडलवरचं सगळं उतरवा. चक, फेसप्लेट, ड्राइव्ह सेंटर (लाकडात दात रोवून ते फिरवणारं), काहीही नको. टेलस्टॉक मागे सरकवा आणि सगळ्यात कमी वेगावर मशीन सुरू करा, मग एकेक पायरी (बेल्ट पुलीच्या ज्या खाचेत बसतो ती; खाच बदलली की वेग बदलतो) वाढवत जा. हेडस्टॉकच्या सपाट माथ्यावर जुनं जाड पाच रुपयांचं नाणं कडेवर उभं करून बघा. चांगल्या बसवलेल्या लेथवर ते मध्यम वेगापर्यंत उभं राहतं.

या एका तपासणीनं अर्धं काम होतं. रिकामा लेथ शांत चालला तर मशीनवरचा संशय सोडा, दोष लाकडात किंवा ते धरण्यात आहे, तेव्हा मुद्दा ३ ते ६ बघा. रिकामाही थरथरला तर मुद्दा २ करून थेट ७ कडे या. हे न करता बेअरिंग बदलायला निघालेली माणसं पैसे खर्च करतात आणि थरथर तिथंच राहते.

२. पाय, टेबल आणि जमीन

चारही पायांखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. एखाद्या पायाखालून ती सहज निघाली तर तो पाय अधांतरी आहे. शहाबादी फरशीवर हे हमखास होतं. पाचर किंवा पत्र्याची पट्टी घालून पाय टेकवा. रबराच्या गाद्यांवर मात्र फार भरवसा ठेवू नका. हलक्या स्टँडखाली रबर घातलं की आवाज खाली जात नाही, पण मशीन जागेवरून चालायला लागतं.

थरथर खायला वजन लागतं. स्टँडच्या खालच्या फळीवर वाळूची दोन पोती ठेवा. याइतका स्वस्त आणि खात्रीचा उपाय मला माहीत नाही. लेथ गच्चीवरच्या खोलीत असेल तर तो स्लॅबच्या मधोमध ठेवू नका, भिंतीलगत बीमवर येईल असा ठेवा. स्लॅब मध्यावर जास्त लवतो आणि खालच्या मजल्यावरच्यांना तुमच्यापेक्षा जास्त ऐकू जातं.

आता एक गोष्ट जी मॅन्युअलमध्ये एका ओळीत उरकलेली असते आणि बहुतेक जण वगळतात. लेथचा बेड (खालचा लांब पाया) टेबलाला बोल्टनं आवळताना टेबल सपाट नसेल तर आवळण्यानंच बेड पिळला जातो. बिडाचा असला तरी पिळला जातो. मग सगळं घट्ट असूनही दोन्ही सेंटर एकमेकांकडे बघत नाहीत. म्हणून चारही बोल्ट सैल करा, बेड आपल्या वजनावर टेकू द्या, जिथे फट दिसेल तिथे बारीक पत्रा घाला आणि मगच चारही थोडे थोडे करत आवळा. शेवटी एकेक बोल्ट सैल करून बघायचं: सैल करताच तिथला पाय वर उचलला गेला तर पॅकिंग अजून कमी आहे. प्लायच्या टेबलावर पावसाळ्यानंतर हे परत तपासावं लागतं, कारण जून ते सप्टेंबर प्लाय आणि लाकूड दोन्ही फुगतात.

उंचीचंही इथेच बघून घ्या. स्पिंडलचा मध्य तुमच्या कोपराच्या उंचीला यावा. खाली वाकून काम करणारा माणूस हत्यार घट्ट धरत नाही, आणि सैल धरलेलं हत्यार जॉबवर नाचतं.

३. वेग

थरथरीचा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, "बेल्ट कोणत्या पायरीवर आहे?" उत्तर बहुतेक वेळा "आला तसाच आहे" असं असतं.

साधं गणित असं. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर चार पोलची मोटार पूर्ण लोडवर साधारण १४४० आरपीएमनं फिरते, प्लेटवर तोच आकडा असतो. मोटारीवर दोन इंची आणि स्पिंडलवर चार इंची पुली असेल तर स्पिंडलला ७२० मिळतात. उलटं असेल तर २८८०. म्हणजे पेटीतून आलेला बेल्ट चुकीच्या पायरीवर असेल तर तुम्ही चौपट वेगानं ओबडधोबड ठोकळा फिरवताय.

कातारी लोकांचा जुना हिशेब असा: जॉबचा व्यास इंचात गुणिले आरपीएम, उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये यावं. चार इंचाला १५०० ते २२५०, सहा इंचाला १००० ते १५००, दहा इंचाच्या ताटलीला ६०० ते ९००. हा हिशेब गोल झालेल्या, वजन सारखं झालेल्या जॉबचा आहे. चौकोनी ठोकळा लावला असेल तर त्याच्या निम्म्याहून कमी. लाटण्यासारख्या दीड इंची जॉबला या सूत्रानं ४००० च्या वर आकडा येतो, पण तिथे जाऊ नका. १५०० ते २००० मध्ये उत्तम लाटणं होतं.

थरथर एका विशिष्ट वेगाला वाढते आणि पुढे कमी होते, त्याचं कारण वॉशिंग मशीनसारखंच आहे: कपडे पिळताना ते मधल्या एका वेगाला जोरात हादरतं आणि पुढे शांत होतं. प्रत्येक स्टँडचा असा स्वतःचा एक वेग असतो. तो ओळखा आणि त्या वेगावर काम करू नका. मात्र "पुढे शांत होतं" म्हणून वजन एकीकडे असलेल्या जॉबचा वेग वाढवत नेणं फार धोक्याचं आहे. लाकूड सुटलं तर ते सरळ चेहऱ्याच्या उंचीवर येतं.

४. लाकूड

कर्णरेषा मारून मध्य काढलात म्हणजे वजनाचा मध्य मिळाला असं नाही. एका बाजूला गाभा आणि दुसऱ्या बाजूला पांढरं लाकूड असेल, गाठ असेल, एक बाजू ओली असेल, तर वजन एका बाजूला जातं. द्राक्षबाग उपटली की निफाड-दिंडोरीकडून वेलीची खोडं बरीच जण कातायला घेऊन येतात. दिसायला फार सुरेख, पण पीळ, पोकळ्या आणि सालीमुळे त्यांचं वजन कुठेही असतं. असलं खोड पहिल्या जॉबला घेऊ नये. आंब्याचा किंवा सागाचा सरळ रेषांचा, वाळलेला तुकडा घ्या.

जॉब मोठा असेल तर बेल्ट काढून हातानं फिरवा आणि सोडून द्या. दर वेळी एकच बाजू खाली येऊन थांबली तर ती जड आहे. सेंटर त्या जड बाजूकडे थोडं सरकवा आणि परत बघा. चौकोनी ठोकळ्याचे चारही कोपरे रंध्यानं किंवा करवतीनं आधी मारून आठ बाजू करून घ्या. तेवढ्यानं सुरुवातीची थरथर बरीच कमी होते.

पावसाळ्यात आणखी एक तक्रार येते: "काल गोल होता, आज आउट मारतोय." तो लेथचा दोष नाही. ओलसर लाकूड रात्रभरात आकसतं आणि लंबगोल होतं. कच्चं कातून ठेवायचं, वाळू द्यायचं, मग परत लावून अखेरचं कातायचं.

जुने नाशिक, पंचवटीतले वाडे उतरवले की त्यांचं सागवान वखारीत येतं. ते वाळून अगदी मुरलेलं असतं आणि कातायला फार छान, पण त्यात खिळे मोडून बसलेले असतात. चुंबक फिरवल्याशिवाय ते लेथवर लावू नका. आणि भेग दिसली, टिचकी मारल्यावर फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, तर तो तुकडा सरळ बाजूला टाका. भेग गोंदानं भरून कातायची कामं अनुभवी हातांची आहेत.

५. लाकूड धरलंय कसं

ड्राइव्ह सेंटर आणि स्पिंडलचं भोक दोन्ही मोर्स टेपरचे (ठरावीक मापाच्या निमुळत्या आकाराचे) असतात, छोट्या लेथवर एक किंवा दोन नंबरचे. हा टेपर केवळ घर्षणावर धरतो. त्यात एक बारीक ढलपी अडकली की सेंटर तिरकं बसतं आणि जॉब आउट मारतो. सुती फडकं काडीला गुंडाळून भोक आतून पुसा, सेंटरही पुसा, बोटानं चाचपून ओरखड्याची धार लागते का बघा. लागली तर बारीक कानशीनं तेवढाच उंचवटा उतरवा, टेपर घासत बसू नका. गंजू नये म्हणून पावसाळ्यात तेल लावून ठेवलं असेल तर वापरण्याआधी पूर्ण पुसून घ्या. तेलकट टेपर घसरतो.

ड्राइव्ह सेंटरचे दात लाकडात बसवायचे ते लेथवरून खाली उतरवून, जॉब टेबलावर उभा धरून, मोगरीनं. लेथवरच हातोड्यानं ठोकलं की तो घाव थेट हेडस्टॉकच्या बेअरिंगवर बसतो. जे बेअरिंग आज चांगलं आहे ते असंच खराब होतं.

टेलस्टॉकचा दाब किती? फिरणारं सेंटर लाकडाबरोबर न घसरता फिरलं पाहिजे, बस्स. त्याहून जास्त आवळलं तर बारीक जॉब धनुष्यासारखा वाकतो आणि मध्ये थरथरतो. क्विल (टेलस्टॉकमधून बाहेर येणारी नळी) लांब बाहेर काढून काम करू नका. टेलस्टॉकच पुढे सरकवा, क्विल आत ठेवा आणि तिचं लॉक लावा. फेसप्लेट किंवा चक असेल तर आट्यांमधला भुसा काढा आणि ती खांद्याला पूर्ण टेकलीय का बघा. मध्ये फट राहिली तर कितीही महाग चक सरळ फिरणार नाही.

६. टूल रेस्ट आणि धार

रेस्ट, म्हणजे हत्यार टेकवायचा आधार, जॉबपासून पाच-सहा मिलिमीटरवर असावी, आणि जॉब बारीक होत गेला की तीही जवळ आणावी. अंतर वाढलं की हत्याराचं टोक तरंगतं. सरकवताना मशीन बंद, मग जॉब हातानं एक फेरा फिरवून कुठे लागत नाही ना ते बघून सुरू. लॉक आवळूनही रेस्ट हलत असेल तर तिच्या खालच्या क्लॅम्पची नट एक फेरा आवळा.

धारेबद्दल एवढंच: बोथट गाऊज (पन्हळीच्या आकाराचं कातायचं हत्यार) कापत नाही, ढकलतो, आणि ढकललेलं लाकूड थरथरतं. सागात सिलिका असते, त्यामुळे सागावर धार लवकर जाते. आंब्याच्या दुप्पट वेळा ग्राइंडरकडे जावं लागलं तर नवल नाही. जॉबची लांबी जाडीच्या दहापटीहून जास्त असेल, रवीच्या दांड्यासारखी, तर हलके कट घ्या आणि मधे आधाराला स्टेडी रेस्ट लावा. पन्हळी रेषा पॉलिश पेपरनं घालवू नका, त्या खोलगट भागात उरतातच. धार लावून एक हलका कट घ्या.

७. बेल्ट, पुली, मोटार

रिकामा लेथही थरथरत असेल तर आता प्लग काढून बेल्ट उतरवा आणि नुसती मोटार चालवा. मोटार एकटीच थरथरत असेल तर दोष तिच्यात किंवा तिच्या पुलीत. मोटार शांत असेल तर बेल्ट किंवा स्पिंडल.

बेल्ट हातात घेऊन बोटांमधून पूर्ण फिरवा. महिनोन्‌महिने पेटीत दुमडून पडलेल्या व्ही-बेल्टला त्या जागी कायमची मोड बसते, तिथे तो कडक लागतो. ठेक्यातली धप-धप तिथून येते. थोडा वेळ चालवून मोड गेली नाही तर नवा घ्या, त्यावरचा नंबर सांगितला की मिळतो. ताण असा हवा की मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर बेल्ट दहा-बारा मिलिमीटर दबावा. फार ताणला तर बेअरिंगवर भार येतो.

मग स्टीलची फूटपट्टी दोन्ही पुल्यांच्या कडेला लावा. ती दोन्हींना सपाट टेकली पाहिजे. पुलीचा ग्रब स्क्रू (पुली दांड्याला घट्ट धरणारा, बिनडोक्याचा) ॲलन कीनं तपासा. तो सैल असेल तर पुली चावीवर (दांड्याच्या खाचेतली पट्टी) डुगडुगते, आणि हा आवाज हुबेहूब बेअरिंगसारखा येतो. पुष्कळदा अख्खं दुखणं या एका स्क्रूवर मिटतं.

८. दोन सेंटरची टोकं

ड्राइव्ह सेंटर आणि टेलस्टॉकचं सेंटर टोकाला टोक भिडवून बघा. केसभर फरक असेल आणि तुम्ही दोन सेंटरमध्येच कातत असाल तर चिंता नको, कारण जॉबचा आस त्या दोन टोकांमधूनच जातो आणि तो गोलच होतो. पण चकमध्ये धरून टेलस्टॉकनं भोक पाडायचं असेल तर हाच फरक ड्रिलला आडवा ओढतो. आधी बेडचं पिळणं तपासा, म्हणजे मुद्दा २. त्यानंतरही टेलस्टॉक बेडच्या खाचेत डावी-उजवीकडे हलत असेल तर आवळताना दर वेळी तो एकाच बाजूला दाबून धरा. उंचीतला फरक पत्र्यानं भरून निघतो, पण तो मिलिमीटरभर असेल तर ते कास्टिंगचं किंवा मशिनिंगचं दुखणं आहे. नवं मशीन असेल तर ते परत करण्याचं कारण आहे.

९. बेअरिंग आणि स्पिंडल: इथे थांबा

बेल्ट काढून स्पिंडल हातानं हळू फिरवा. खडे अडकल्यासारखं लागलं, किंवा स्पिंडल धरून वर-खाली केल्यावर खुळखुळ जाणवली, तर बेअरिंग खरोखर गेलंय. डायल मिळत असेल तर स्पिंडलच्या खांद्याजवळ लावून फिरवा. लाकडाच्या कामाला ०.०५ मिलिमीटर, म्हणजे ५० मायक्रॉनच्या आतला रनआउट (फिरतानाचं डुलणं) मी चालवून घेतो. त्याहून बराच जास्त आला आणि बेअरिंग मात्र गुळगुळीत फिरत असेल तर स्पिंडल वाकलेला असू शकतो.

बेअरिंग बदलणं घरी करू नका असंच माझं सांगणं आहे. पुलर आणि प्रेस नसेल तर शाफ्टवर बेअरिंग ठोकून बसवलं जातं, आणि बाहेरच्या रिंगवर ठोकलं की नवं बेअरिंग आतून तिथेच खराब होतं. सातपूर-अंबडला जॉबवर्क करणारी वर्कशॉप आहेत, आयटीआय केलेला टर्नर-फिटर हे काम रोज करतो. बेअरिंगचा नंबर रिंगवर कोरलेला असतो. ६२०४ असेल तर भोक २० मिलिमीटर, बाहेरचा व्यास ४७, रुंदी १४. दुकानात दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं मागा, नुसतं पत्र्याचं झाकण भुसा पूर्ण अडवत नाही.

आणखी कुठे थांबायचं ते स्पष्टच सांगतो. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग बघायला इलेक्ट्रिशियन येईपर्यंत प्लग लावू नका. मोटार गुंगुं करून थांबली, जळका वास आला किंवा हात ठेवता येणार नाही इतकी तापली, तर मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे द्या. बहुधा कपॅसिटर (मोटार सुरू व्हायला मदत करणारा भाग) गेलेला असतो, पण प्लग काढल्यावरही तो चार्ज धरून ठेवतो आणि जोरदार झटका देतो, म्हणून तो स्वतः उघडू नका. कास्टिंगला चीर दिसली किंवा स्पिंडलचे आटे झिजून फेसप्लेट डुलायला लागली, तर त्या मशीनवर काम पूर्ण बंद.

वॉरंटी चालू असेल तर हेडस्टॉकला पानाच लावू नका. रिकाम्या लेथचा व्हिडिओ काढा, एकदा बेल्ट लावून आणि एकदा बेल्ट काढून नुसत्या मोटारीचा. कोणत्या पायरीला, किती वेगाला थरथर येते ते लिहा, बोल्टखालचं पॅकिंग आणि ग्रब स्क्रू तपासल्याचंही लिहा, आणि विकणाऱ्याला पाठवा. "मशीन थरथरतंय" एवढ्यावर तो तुम्हाला पहिल्या मुद्द्यापासून प्रश्न विचारत बसेल, आणि त्याला विचारावेच लागतील.